काठीवरचा खण

सुभेदाराचं नाव मी सांगणार न्हाई. त्याची नातवंडं अजून त्याच गावात हायती, वागायला चांगली हायती, त्यांच्याशी माझं काय भांडण न्हाई. पर त्या माणसाला मी माफ केल्यालं न्हाई, आन् आता ह्या वयात करणार बी न्हाई. नात लिहायला बसलीया. म्हणती, आज्जी, समदं सांगून टाक, मन हलकं हुईल. मन हलकं करायला मी सांगत न्हाई. हिरा माझी थोरली भैन. तिचं काय झालं ते डोळ्यांनी बघितल्यालं माणूस आता माझ्याबिगर उरलं न्हाई, म्हणून सांगती.

आमी कवठे महांकाळकडची. तिकडं रान हाय पर पाणी न्हाई. बा तापानं गेला आन् चुलत्यानं आमास्नी वेगळं काढलं, तवा आय आमा दोघी पोरीस्नी घिऊन किस्नाकाठाला आली, सांगलीच्या खालच्या अंगाला. तिथं आबा मालकाचं हळदीचं रान हुतं. आय खुरपायला लागली, तिचा हात बघून मालकानं बांधाकडंला खोप घालायला जागा दिली. उसाच्या पाचटाची खोप, आत तीन दगडांची चूल, एक जातं, आन् कोपऱ्यात बाचं धोतर गुंडाळून ठेवल्यालं. पहाटं मोट चालू झाली की चाकाच्या कुरकुरीनं जाग यायची. मोटंवरचा गडी बैलास्नी शिव्या बी गाण्यातच द्यायचा. आय तवर दळायला बसल्याली असायची. खाणं म्हंजे जोंधळ्याची भाकरी, मिरचीचा खर्डा, आन् भाजी रानातली. खुरपताना घोळ, तांदूळजा, पाथरी, जी हाताला लागंल ती बाया वट्यात टाकायच्या. सांजच्याला समद्या खोपटांतनं लसणाच्या फोडणीचा वास सुटायचा. लसणाची एकच पाकळी, पर वास पार मोटंपतूर. आता फ्रीजमधनं भाजी काढत्यात तवा मी काय बोलत न्हाई, गप जेवती.

हळद खुरपायची म्हंजे बायांनी वळीनं बसायचं आन् एकेकीनं एकेक सरी धरायची. त्या सरीला आमी पात म्हणतो. उकिडवं बसून, खुरपं चालवत, बसल्या बसल्याच म्होरं सरकायचं, ह्या बांधापासनं त्या बांधापतूर. कडंची पात जिच्याकडं ती म्होरकी. ती जशी सरकंल तशा बाकीच्या सरकायच्या. आमच्या टोळीची म्होरकी आय. तिला समद्या सारजाक्का म्हणायच्या, तिच्यापरास थोरल्या असल्याल्या बी. तिची एक रीत हुती. जिची पात आदी सरंल तिनं बांधावर टेकायचं न्हाई. माघारी वळून, जी मागं राह्यलीया तिच्या पातीला समोरनं लागायचं. दोघींची खुरपी मधी भेटली की मग उठायचं. शेवटची बाई बांधाला आल्याबिगर कुणी घागरीला हात लावायचा न्हाई. ठकूबाई म्हणून एक म्हातारी हुती, तिला कमी दिसायचं, ती हातानं चाचपून गवत काढायची. आय तिची पात आपल्या शेजारी ठेवायची. मधनंच आय गाण्याची एक वळ उचलायची, बाया मागनं म्हणायच्या, आन् सोनी म्हणून नवरा मेल्याली एक तरणी बाई हुती, ती त्यात मालकाच्या मिशीवर असं काय तर जोडायची की बाया हसून हसून चिखलात बसायच्या. आय कुणावर वरडल्याली मला आठवत न्हाई. कुणाला शाबास म्हणल्याली बी आठवत न्हाई. तरी तिनं खुरपं घेतलं की समद्यांची खुरपी चालायची. का चालायची, हे तवा माझ्या मनात बी आलं न्हाई. चूल पेटली की भाकरी भाजती, तसलंच ते.

हिराचं लगीन कवठ्याकडंच झालं हुतं. तिचा नवरा लढाईवर गेल्याला, कुठं तर ब्रम्हदेशाकडं. पयलं बाळंतपण म्हायेरात, म्हणून ती आमच्याकडं आली. म्हायेर म्हंजे ती पाचटाची खोप. आल्या दुसऱ्या दिशी तिनं खुरपं उचललं. आय नगं म्हणली तर हिरा म्हणली, बसून कुणाचं खाऊ? आयनं मग तिला ठकूबाईच्या पलीकडची पात दिली आन् दोघींचं जे राहील ते आपुन काढत गेली. हिरा लय बोलकी. माझी येणी घालताना सुदीक बोलत असायची. पोटातल्याशी बी बोलायची.

त्या पावसाळ्यात आबा मालकाचा थोरला लेक घरी आला. पलटणीत सुभेदार हुता, पायाला गोळी लागून आल्याला. एका पायानं लंगडायचा, पर ताठ. गळ्यात शिट्टी. म्हाताऱ्या मालकानं शेती त्याच्या हातात दिली. पयल्याच सकाळी त्यानं आमास्नी बांधावर वळीनं हुबं केलं आन् भाषण केलं. अर्धं मराठी, अर्धं हिंदुस्तानी. म्हणला, माणूस आपुन हून पळत न्हाई, त्याच्या म्होरं काय तर दिसाय पायजे. त्याच्यात उमेद भरावी लागती. मी पलटणीत मेल्याल्या माणसांस्नी डोंगर चढवलाय. सोनी माझ्या कानाशी म्हणली, "मेल्याली चढवली? आमी तर अजून जित्या हाय बाई, आमास्नी कुठवर चढवतोय कुणास ठावं."

बाया हसल्या. आय हसली न्हाई. ती बांधाच्या त्या टोकाला बघत हुती. तिथं सुभेदारानं काठी रवली हुती आन् काठीला खण बांधला हुता. जांभळा, चंद्रकळेच्या काठाचा. सुभेदारीण साताऱ्याची, मोठ्या घरातली, तिच्या पेटीतला. जी बाई आपली पात काढून पयली त्या काठीला पोचंल, त्या दिसाचा खण तिचा.

आता तुमास्नी वाटंल, एका खणाचं काय. लढाईपायी कापड कंट्रोलात गेल्यालं. दुकानाम्होरं दिवस काढला तरी हातात वीतभर कापड यायचं न्हाई. बायांच्या अंगावर लुगडी कसली, नुसते दांड. एकीचं फाटल्यालं दुसरीच्या फाटल्याल्याला जोडायचं. सोनीची चोळी पाठीवर इतकी इरली हुती की ती उन्हातानात पदर काढायची न्हाई. आन् त्या चिखलात, त्या हिरव्या रानाच्या टोकाला, कोरा करकरीत खण वाऱ्यावर हालतोय.

पयल्या दिशी बाया लाजत लाजत पळाल्या. दुसऱ्या दिशी लाज गेली. आठवडा सरायच्या आत रान निम्म्या येळात निघायला लागलं. हेच मला सोसत न्हाई. खोटं कशाला सांगू, त्याचं म्हणणं खरं ठरलं. शिट्टी वाजली की बाया पाखरावाणी उडायच्या. सुभेदार काठीपाशी हुबा राहून टाळ्या वाजवायचा, नावं घिऊन हाका मारायचा, शाब्बास सोनी, चल गं चल, म्हणायचा. मालक खुशीत. गाणं बंद पडलं, गायला दम कुणाकडं हुता? भाजी खुडायची बंद झाली. सांजच्याला खोपटांतनं वास येईना, समद्या खर्डा आन् भाकरी खाऊन पडायच्या. आन् जिची पात आदी सरायची ती माघारी वळंना. कशाला वळंल? वळली तर उद्याच्या पळायला अंगात जीव नगं? ठकूबाई रानाच्या मधी एकलीच चाचपत बसायची आन् आमी बांधावर पाणी पीत बसायचो.

माझा नातू मिरजेकडं एका कारखान्यात सायेब हाय. त्याला मधी कंपनीनं पुण्याला पाठिवलं हुतं, माणसांकडनं काम कसं काढायचं ते शिकायला. आल्यावर मला सांगत हुता, आज्जी, दर म्हैन्याला जो चांगलं काम करतो त्याचा फोटू आमी भिंतीवर लावतो, मग बाकीच्यांस्नी बी उमेद येती. पोरगं गुणाचं हाय. मी त्याला इचारलं, त्या फोटूवाल्याच्या शेजारच्या मिशनीवर कोण हाय, त्याचं घरचं बरं चाललंय का? तो म्हणला, आज्जी, एवढं कुठं बघत बसू. मी उठून आत गेली. त्याला वाटलं मला नीट ऐकू आलं न्हाई.

एका दुपारी सुभेदारानं ठकूबाईला सांगितलं, म्हातारे, तू उद्यापासनं येऊ नगंस, तुझ्यापायी टोळी मागं पडती. ठकूबाई हातातलं खुरपं पुसत राह्यली. आय उठली आन् म्हणली, "सुभेदार, तिची पात माझ्या नावावर धरा. मी दोन काढती." तो हसला. म्हणला, काढ की. तवापासनं आय दोन पाती काढायची आन् समद्यांच्या मागनं बांधाला यायची. म्होरकीच शेवटाला. आठ-धा दिवस त्यानं बघितलं आन् मग समद्यांसमोर कडंची पात सोनीला दिली. आयला म्हणला, "सारजे, तू बाई चांगली हाईस, पर तुला माणसं हाकायला येत न्हाईत." बाया खाली बघत हुत्या. एक जण बी बोलली न्हाई. ह्याच बायांची बाळंतपणं आयनं केल्याली. सोनीला तापात पेज पाजल्याली. एक बी बोलली न्हाई. मला तवा वाटलं, एकेकीच्या झिंज्या उपटाव्या. अजून बी वाटतं.

हिरा एवढे दिस पळत नव्हती. पर एक दिस चुलीम्होरं बसून म्हणली, मला खण पायजे. बाळाला कुंची न्हाई, आंगडं न्हाई, बाचं धोतर फाडून किती पुरवायचं. आन् तिचा नवरा येईल तवा त्याला दिसाय नगं का, की आपलं लेकरू कोऱ्या कापडात हाय? आयनं भाकरी थापता थापता सांगितलं, तुला सातवा सरत आलाय, उकिडवं बसून पळायचं न्हाई. हिरा म्हणली, ठकूबाई तर नुसती बसून हाय, तिच्यापायी तू आपली म्होरली पात घालीवलीस, माझ्यापायी काय केलंस? आय म्हणली, पळू नगंस एवढं सांगती, ऐक. मग हिरा जे बोलली ते मला आज बी चुलीम्होरं बसलं की ऐकू येतं.

"तू म्होरकी असतीस तर ऐकलं असतं."

आयचा हात परातीत तसाच राह्यला. भाकरी करपली. आमी ती तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिशी आभाळ गच्च हुतं, पर पाऊस नव्हता. काठीला हिरवा खण हुता. शिट्टी वाजली आन् हिरा सोनीच्या बरोबरीनं सुटली. पोट मांड्यांच्या मधी धरून, एका हातानं खुरपं, एका हातानं भुई रेटत. मी मागनं हाका मारत हुते. आय दोन पातीत आडाकल्याली, तिथनंच म्हणत हुती, हिरे, सावकाश. सुभेदारानं तिला बघितलं आन् तो टाळ्या वाजवत सरीच्या तोंडाला आला. शाब्बास, असं पायजे, बघा गं पोटुशी बाई कशी येतीया. सोनीनं एकदा वळून हिराकडं बघितलं, तिचा हात जरासा थांबला असंल, मला नीट ठावं न्हाई. हिरा पयली आली. सुभेदारानं सोताच्या हातानं खण सोडून तिला दिला आन् समद्यास्नी म्हणला, "ह्याला हिंमत म्हणत्यात. शिका." हिरा हसत हुती. तोंड लालबुंद, केस चिकटल्यालं, आन् हसत हुती. कोपरापतूर चिखलाचा हात, म्हणून खण तिनं दातात धरला, मळू नये म्हणून.

दुपारची भाकरी खाऊन पुन्हा पाती धरल्या. मधीच हिरा सरीत बसली. मला म्हणली, "अनशे, आयला बोलीव." एवढंच. मी बघितलं तर तिच्या खालचं पाणी लाल झालं हुतं.

दिवं लागायच्या आदी समदं झालं. आय आन् ठकूबाई आत, मी भाईर पाणी तापवत. पोरगा हुता. हुंकार दिला न्हाई. आयनं त्याला बाच्या धोतरात गुंडाळलं आन् मोटंवरच्या गड्याला संगं घिऊन नदीकडं गेली. खण हिराच्या उशाला पडला हुता, त्याला कुणी हात लावला न्हाई.

सांजच्याला रानातनं सुटल्यावर बाया आल्या. एकेक आत यायची, हिराच्या पायाशी टेकायची, तिचं पाय चेपायची. काय बोलत नव्हत्या. बोलण्यासारखं काय हुतं? कुणी मेथ्या आणल्या, कुणी गुळाचा खडा. सोनी भाईरच हुबी. आत येईना. हिरानंच तिला हाक मारली, "सोने, ये की आत. हरल्याली बाई अशी दारात हुबी राहती व्हय गं?" सोनी आत आली आन् हिराच्या गुडघ्यावर डोकं ठिऊन अशी रडली, जशी नवरा मेला तवा बी रडली नव्हती. आय चुलीपाशी बसून समद्यांस्नी च्या देत हुती. तिनं कुणाला एक सबूद सांगितला न्हाई. मी तिथंच हुते. हे मी नातीला दोनदा लिहायला लावलंय.

सकाळी आय रानात गेली. मी म्हणलं, आज तरी नगं. ती म्हणली, न्हाई गेलो तर खोप कशी राहील? आमी बांधावर गेलो तर काठीवर आज खण नव्हता. अख्खं लुगडं हुतं. नवं, हिरवं, लाल काठाचं. सुभेदारानं टोपी काढली. म्हणला, काल जे झालं ते वाईट झालं. पर पलटणीत एक पडला म्हणून बाकीची थांबत न्हाईत, उलट जोरानं म्होरं जात्यात, त्याच्या नावानं. आज जी पयली येईल तिला हे लुगडं.

त्याच्या नावानं म्हणला. त्या लेकराला नाव नव्हतं.

शिट्टी वाजली. आयनं ठकूबाईच्या दंडाला धरून तिला पातीवर बसवलं आन् आपुन शेजारी बसली. म्होरली पात सोनीची. समद्या सोनीकडं बघत हुत्या. सोनी लुगड्याकडं बघत हुती. तिच्या अंगावर त्या दिशी इतकं दांड हुतं की मूळ लुगडं कुठलं ते कळत नव्हतं. किती तरी येळ ती तशी बघत बसली. मग खाली बघितलं आन् खुरपं घातलं. एक घाव, दुसरा घाव. मागं वळून ठकूबाई कुठवर आली ते बघितलं. मग तिसरा. ठकूबाई जेवढी सरकंल तेवढीच सोनी सरकत हुती, आन् सोनीच्या मागनं समदी वळ. सुभेदार शिट्टी वाजवत राह्यला. वरडला. नावं घेतली. लुगडं वाऱ्यावर फडफडत हुतं आन् बाया गोगलगाईवाणी येत हुत्या. बांधाच्या हातभर अलीकडं सोनी थांबली, शेजारची थांबली, समद्या थांबल्या. ठकूबाई चाचपत आली. मग समद्यांनी एकदम बांधावर हात टेकला.

सुभेदारानं इचारलं, पयली कोण? कुणी बोलंना. तो वळीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापतूर लंगडत गेला. पुन्हा इचारलं. सोनी म्हणली, "तुमी तर इथंच हुबं हुतासा की सुभेदार. तुमीच सांगा."

त्यानं लुगडं वढून काढलं आन् बायांच्या म्होरं चिखलात टाकलं. घ्या म्हणला. दिस मावळपतूर ते तिथंच पडून हुतं.

रान निम्मं बी निघालं नव्हतं. सांजच्याला आबा मालक आला, त्यानं लेकाचं ऐकलं आन् आयला सांगितलं, बाजाराच्या दिसापतूर खोप मोकळी कर. बाकीच्यांस्नी ठेवलं. दुसऱ्या दिशी त्या पुन्हा कामाला गेल्या. शिट्टी वाजली तशा पळाल्या असतील. पोटं हुती त्यांस्नी बी, मी समजती. समजती, पर माझा राग काय कमी हुत न्हाई. त्यांच्यावरचा बी न्हाई, त्या म्हाताऱ्या मालकावरचा बी न्हाई.

मोटंवरच्या गड्यानं आमास्नी सोडायला गाडी जुपली. कडब्यावर हिराला निजवलं. जातं मागं बांधलं. गाडी बांधापाशी आली तर सुभेदार वाटंत हुबा. गाडीच्या कडंला हात ठिऊन तो आयशी बोलायला लागला, दमात न्हाई, अगदी इचारल्यावाणी.

"सारजे, खरं सांग. तू त्या बायांस्नी काय कबूल केलं हुतंस?"

"काय बी न्हाई."

"काय बी न्हाई म्हंजे? अख्खं लुगडं सोडून त्या तुझ्या मागं आल्या. काय तर सांगितलं असशील. काय सांगितलंस?"

"न्हाई वं सुभेदार, सांगायचं काय हुतं त्यात? आदल्या सांजच्याला समद्या हिच्यापाशी बसून गेल्या."

"बसून काय बोलल्या?"

आयनं गड्याला गाडी हाकायला सांगितलं. बैलं चालायला लागली तरी सुभेदार गाडीची कड सोडंना. त्या दुखऱ्या पायानं, चिखलातनं, आमच्या बरोबरीनं येत राह्यला आन् तेच तेच इचारत राह्यला, काय कबूल केलंस, काय बोललीस. त्याचा हात जिथं हुता तिथनं हिरा वीतभर लांब निजली हुती. डोळं उघडं, चोळी दुधानं भिजल्याली. मळ्याच्या वाटंपासनं सांगलीच्या सडकंपतूर तो आमच्यासंगं चालत आला, आन् तिच्याकडं त्यानं एकदा बी बघितलं न्हाई.